लाल बोकडाचा श्वास

आता आमच्या तंबूवर सौर पट्टी आहे. ऊन पडलं की वीज येते. आवाज नाही, वास नाही, कुणाची मिनतवारी नाही. सगळे म्हणतात, सुख झालं. मला मात्र हिवाळ्याच्या संध्याकाळी लाल बोकडाची फटफट ऐकू आली नाही की चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्याला मी काय कमी शिव्या घातल्यात?

लाल बोकड म्हणजे आमचा पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर. नाव मीच ठेवलेलं, कारण तो हट्टी होता, वास मारायचा, आणि माझा नवरा तोगमिद माझ्यापेक्षा त्याच्याशीच जास्त बोलायचा. आमच्या उव्स प्रांताच्या खोलगटात थंडी उणे पंचेचाळीसवर गेली की इंजिनातलं तेल थिजतं. दोरी ओढणाऱ्याचा खांदा निखळेल, पण इंजिन हलायचं नाही. म्हणून तोगमिद इंजिन बंद केल्याबरोबर गरम तेल एका किटलीत काढून घ्यायचा आणि किटली चुलीपाशी ठेवायचा. त्या किटलीत चहाचं दूध ओतता ओतता मी दोनदा वाचले. प्लग त्याच्या अंगरख्यात, छातीशी. आणि खुद्द बोकड दाराच्या आत, नव्या कोकरांच्या शेजारी, मेंढीचं कातडं पांघरून. मी म्हणायचे, याच्यापेक्षा सवत आणली असती तर तिनं निदान चुलीसाठी शेण तरी वेचलं असतं.

बाहेर चालू असला तरी त्याची उस्तवार संपायची नाही. इंजिनही श्वास सोडतं. त्याच्या बाजूच्या बारीक नळीतून ओलसर वाफ येते आणि आमच्या थंडीत नळीच्या तोंडाशीच गोठते. तोंड बंद झालं की आतली वाफ दुसरी वाट फोडते. म्हणून तोगमिद सारखा बाहेर जाऊन नळीवरचं बर्फ नखानं खरवडून यायचा.

माझे सासरे दामचा तरुणपणी नावाजलेले मल्ल. दोन्ही पोरांना त्यांनी मेंढ्यांच्या वाड्यात कुस्ती शिकवली, पण जीव धाकट्यावर, एर्खबायारवर. तो राजधानीत गेला, तालमीत शिरला, नाव काढलं. तोगमिद मेंढ्या आणि म्हातारा सांभाळत घरी राहिला. पिकतं तिथं विकत नाही. तोगमिदनं कधी तक्रार केली नाही. त्याच्या वाटची मी केली.

त्या हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांचे डोळे तपासले. नसा वाळत चालल्या होत्या, पुढच्या वर्षी दिसणार नव्हतं. सासऱ्यांनी एकच मागणं केलं. नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी राजधानीतल्या मोठ्या कुस्त्या टीव्हीवर दाखवतात, आणि त्यात एर्खबायार पहिल्यांदाच उतरणार होता.

"पोराला एकदा त्या मैदानात बघतो," ते म्हणाले, "मग होऊ दे अंधार."

तोगमिदनं उंटावर टीव्ही आणि डिशची छत्री लादून आणली. कुस्त्यांच्या दिवशी मी दाराबाहेर बर्फाचे तीन खडे मांडले, कारण त्या रात्री देवी खेचरावरून घरोघर फिरते आणि खेचराला तहान लागते; मग मांस भरलेले बूझ वाफवायला ठेवले. शेजारचे गोम्बोकाका आले, येताना आपला जुना रेडिओही घेऊन आले. म्हणाले, तुमच्या बोकडाचा काय भरवसा. तोगमिदनं कोमट तेल ओतलं, प्लग बसवला, दोनदा दोरी ओढली आणि बोकड बोलायला लागला. सासरे पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन बसले.

एर्खबायारची पाळी यायला वेळ होता. मध्येच सासरे पेटीत काहीतरी चाचपडून बाहेर जाऊन आले. या वयात वरचेवर जावं लागतंच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तोगमिदही नळी खरवडून नुकताच आत आला होता आणि माझ्या आग्रहाखातर बूझ खायला बसला होता.

निवेदकानं एर्खबायारचं नाव घेतलं. सासऱ्यांनी टोपी सारखी केली. तेवढ्यात बाहेरची फटफट एकदम चढली, अडखळली, आणि पडद्यावर अंधार झाला.

तोगमिद धावला, मागोमाग मी विजेरी घेऊन. बर्फावर काळं तेल पसरलं होतं. बोकडाच्या दांड्याला निळा रेशमी खदक बांधलेला होता. नशीब घेऊन येणाऱ्या घोड्याला, उंटाला, खिंडीतल्या दगडांच्या राशीला आम्ही बांधतो तोच. सासऱ्यांनी बोकडाचा मान केला होता. खदकाचं एक टोक नळीच्या तोंडावर आलं होतं आणि श्वासानं गोठून दगड झालं होतं. कोंडलेल्या वाफेनं आतली तेल अडवणारी चकती बाहेर ढकलली होती. बदली चकती आमच्याकडे नव्हती.

तोगमिदनं खदक सोडवून अंगरख्यात खुपसला.

"बाबांना सांगू नकोस."

"मग काय सांगायचं?"

"माझं चुकलं म्हणून सांगायचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्याच्या तोंडाकडे बघून मी विजेरी विझवली.

आत येऊन त्यानं सांगितलं की तेल बघायचं राहिलं. सासरे ओरडले नाहीत. "एवढं एकच मागितलं होतं रे," इतकंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

गोम्बोकाकांच्या रेडिओचे सेल गारठलेले होते. मी ते काखेत धरून ऊब दिली, तेव्हा कुठे खरखरत आवाज आला. एर्खबायारची कुस्ती अजून चालू होती. सासरे थोडा वेळ ऐकत राहिले, मग उठून उभे राहिले.

"ऐकून मला काही दिसत नाही. तोगमिद, ऊठ. तू एर्खबायार हो, मी समोरचा होतो."

मैदानात मल्लाचा साथी धरतो तशा गोम्बोकाकांनी दोघांच्या टोप्या धरल्या. रेडिओ सांगेल तसं दोघं चुलीला वळसा घालून सरकू लागले. खांद्याला पकड, बाहीला पकड. मी लग्न होऊन आल्यापासून माझ्या नवऱ्याला कुस्ती खेळताना पाहिलं नव्हतं. मग निवेदकाचा आवाज चढला: समोरच्यानं पायात पाय घातला. सासऱ्यांनीही घातला. एर्खबायार पडला.

तोगमिद पडला नाही. सासऱ्यांनी पुन्हा जोर लावला. तो जागचा हलला नाही.

"पड की रे," गोम्बोकाका म्हणाले. "रेडिओ म्हणतोय, पडलास."

"मुद्दाम पडलो तर त्यांना कळेल," तोगमिद म्हणाला.

सासऱ्यांचा हात त्याच्या दंडावर तसाच राहिला. दंड चाचपत त्यांनी विचारलं, "ही पकड तुला कुणी शिकवली?"

"तुम्हीच. ही तुम्ही एकट्या त्यालाच शिकवायचात, तेव्हा मी कुंपणाशी उभा असायचो."

आमच्यात हरलेला मल्ल जिंकलेल्याच्या हाताखालून जातो. बाप पोराच्या हाताखालून जाताना मी तोवर पाहिलेला नव्हता. सासऱ्यांनी तोगमिदचा हात स्वतः वर उचलला आणि वाकून त्याखालून गेले. गोम्बोकाका नको नको म्हणत होते.

जाता जाता ते थबकले. चुलीच्या उजेडात तोगमिदच्या अंगरख्यातून निळं टोक डोकावत होतं. त्यांनी ते ओढून काढलं, नाकाशी नेलं, तेलाचा वास घेतला. मग तो तेलकट खदक दोन्ही तळहातांवर आडवा धरून, मोठ्या माणसाला देतात तसा, त्यांनी तोगमिदला दिला.

आणि मघाशी टीव्हीपाशी नेलं होतं तितक्याच जवळ तोंड नेऊन ते आपल्या थोरल्या मुलाकडे बघत राहिले. बूझ निवून गेले, पण त्यांना जेवायला बोलवायचा मला धीर झाला नाही.