हळू चालणारी कॅसेट

माझा सिदू बायकोला हातानं मारत न्हवता, लाथेनं मारायचा. बापाचीच सवय. ह्याच्या बापानं माझ्या बरगड्या अशाच मोडल्या, त्यातली एक अजून थंडीत ठणकती. त्यो मेला तवा गावातल्या बाया माझ्या गळ्यात पडून रडायला लागल्या. म्या म्हणलं, बायांनो, रडा, पर जरा सरकून बसा, बरगडीला लागतंय.

सून अयोध्या म्हंजी माझ्या सख्ख्या भावाची, बिराप्पाची पोर. त्यानं ती माझ्याकडं बघून दिली. "आक्का, तुझ्या पदरात टाकली," म्हणला. पदरात टाकली आन् पोरीचं पयलं पोट सिदूच्या लाथेनं खाली झालं. पोटात लेकरू चांगलं फिरत हुतं. पोरगा हुता. मेंढवाड्याच्या मागं म्याच खड्डा केला, म्याच त्याला झाकला. सिदू तवा ढसाढसा रडला, बिरोबाची आण घेतली, चार दिवस गरिबागत वागला. मंग भाकरी करपली म्हणून परत लाथ. आग लागो त्या आणंला.

शहाऐंशी सालाला अयोध्याला परत दिवस गेले. दुष्काळ हुता, हिरीला पाणी न्हवतं, गुरं छावणीत. लोकं आभाळाकडं बघायची, म्या सुनंच्या पोटाकडं बघायची. हे लेकरू लाथंपासनं वाचवायचं, येवढा एकच घोर माझ्या जिवाला. माहेरी धाडावी तर बिराप्पा मेंढरं घेऊन चाऱ्यामागं कुठं गेलता, त्याचा ठाव न्हाय.

त्यात सिदू घरातच. त्यो दूध सोसायटीच्या टेम्पोवर डायवर हुता. गुरांचं दूध आटलं, सोसायटीला कुलूप लागलं, टेम्पो चिंचखाली उभा. रिकाम्या माणसाचा पाय लई चालतो. मंग त्याच्या उत्तरेश्वर नावाच्या दोस्तानं डोकं लढवलं आन् दोघांनी कुर्डुवाडीच्या दुकानातनं टीव्ही आन् व्हिडिओ भाड्यानं आणला. आमच्या घराच्या पुढल्या सोप्यात टाकीज झालं. सोसायटीचे रिकामे दुधाचे कॅन उपडे घालून त्यावर माणसं बसायची. कॅसेट घालायचं, बटण दाबायचं काम अयोध्याकडं, कारण सातवी शिकलेली तीच.

एक दिवस सिदूनं गावभर सांगितलं, आज चिनी मारामारीचा पिच्चर हाय. दुकानात त्यानं चिनी मारामारीच मागितली हुती. दिवस मावळायला सोपा भरला, पोरं खांबावर चढली. अयोध्यानं कॅसेट घातली. पडद्यावर एक चिनी म्हातारा आला. पांढरा पायजमा, ढगळ सदरा. पाय फाकवून उभा राह्यला आन् हात वर न्यायला लागला. नेतोय, नेतोयच. मंग हात खाली. मंग येवढं वळायला त्यानं येवढा येळ लावला की माझं पान खाऊन झालं. मधी एक गोरी बाई इंग्रजीत कायतरी सांगायची आन् परत म्हातारा सुरू.

माणसं चुळबूळ करायला लागली. सिदू म्हणला, "व्होल्टेज न्हाय. त्यामुळं हळू चाललंय. व्होल्टेज येऊ द्या, मंग बघा ह्योच म्हातारा कशी टाळकी फोडतो."

हे समद्यांना पटलं. मलाबी पटलं. न पटायला काय झालं, त्या साली आमच्याकडं समदंच हळू हुतं. बलब विडीच्या टोकागत लाल, पंख्याच्या पाती मोजाव्यात, गिरणीचा पट्टा मधीच थांबायचा आन् बाया अर्धं दळण घेऊन घरी यायच्या. मंग चिनी म्हातारा तरी कसा पळल. माणसं व्होल्टेजची वाट बघत बसली. व्होल्टेज काय आलं न्हाय. मंग कुणीतरी कॅन लाथाडला, कुणीतरी झाकण फेकलं, ते सिदूच्या भुवईला लागून रगत आलं. धराधरी झाली, उत्तरेश्वरचा सदरा फाटला, आन् सोपा रिकामा झाला.

सिदू रगत पुसत चुलीपाशी आला. "कॅसेट तूच घातली न्हवं?" म्हणला आन् अयोध्याला लाथ घातली. ती येळंवर वळली म्हणून पोटाची लाथ मांडीवर बसली. कॅसेट त्यानं राखंत फेकली. अयोध्यानं ती पदरानं पुसून ज्वारीच्या डब्यात दडवली. दुकानदारालाबी ती नकोशीच असावी, त्यानं कधी विचारलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी सिदू एसटीनं कुर्डुवाडीला पिच्चर बदलायला गेला. अयोध्या मला म्हणली, "आत्या, त्यो म्हातारा मारायला शिकवतोय. व्होल्टेज न्हाय म्हणून लोकांना कळलं न्हाय. म्या शिकते."

म्या म्हणलं, "येडी का खुळी? पोट बघ तुझं."

"पोटासाठीच शिकते," म्हणली.

म्या दाराला कडी घातली.

तवापासनं सिदू कुर्डुवाडीला गेला की दुपारच्याला आमची शाळा भरायची. म्या उंबऱ्यावर बसून एसटीचा कानोसा घ्यायची, अयोध्या टीव्हीपुढं उभी. म्हातारा जे हळू करायचा ते ती झटक्यानं करायची. व्होल्टेजची कसर भरून काढत हुती पोरगी. म्हाताऱ्यानं हात पुढं ढकलला की हिचा सण्णकन् जायचा. बांगड्या खळखळायच्या. मला लई भारी वाटायचं. म्या म्हणायची, आता ये म्हणावं त्याला.

आन् त्यो आलाच. पाण्याच्या टँकरवर तिला उशीर झाला, घागर अर्धीच मिळाली, त्यावरनं सिदूनं तोंड सोडलं आन् पाय उचलला. अयोध्यानं घागर ठेवली आन् हात मारला, अगदी कॅसेटीतल्यावानी, पर झटक्यानं. सिदूनं तिचं मनगट हवेतच धरलं. आधी हसला. "कुणी शिकवलं गं?" म्हणला. मंग तिची करंगळी उलटी वाकवली, ती मोडल्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला. ती वाकली तशी कमरंवर लाथ, पडली तशी पाठीवर. म्या अंगावर आडवी पडले तवा थांबला. अर्धी घागरबी सांडली.

तिच्या लुगड्याला रगताचा डाग दिसला. प्रेमाबाई सुईणीला बोलावलं. तिनं पोटाला कान लावला, लई येळ लावला. "जीव हाय," म्हणली. "पर बनाबाई, अजून एक लाथ बसली तर मला बोलवू नगा. माझ्या हातात काय ऱ्हाणार न्हाय."

अयोध्या भिंतीकडं तोंड करून पडली. करंगळीला चिंधी. "खोटं हाय समदं," येवढंच म्हणली. मला त्या चिनी म्हाताऱ्याचा असा राग आला की त्यो म्होरं असता तर त्याची दाढी उपटली असती. माझ्या पोरीला फसवतो म्हंजी काय. बटणं आता मलाबी कळायला लागली हुती. सिदू गेल्यावर म्या एकटीच कॅसेट घालून त्याच्याम्होरं शिव्या देत बसले. शिव्या देता देता कॅसेट पार शेवटाला गेली. तितवर आमी कधी बघितलीच न्हवती, त्याआधीच एसटी यायची.

शेवटाला एक दांडगा गडी येतो. म्हाताऱ्याला छातीवर ढकलतो. म्हातारा अडवत न्हाय, मारतबी न्हाय. पाय रोवलेले, नुसती कंबर वळवतो, त्याच्या हाताला हात लावतो आन् वाट देतो. गडी आपल्याच जोरानं धप्पदिशी तोंडावर पडतो.

म्या परत लावलं. परत धप्पदिशी पडला.

"अयोध्ये, ऊठ," म्या म्हणलं. "ह्यो गडी बघ कसा पडला. व्होल्टेज न्हाय तर त्यो येवढ्या झटक्यात पडला कसा?"

ती बघत ऱ्हायली. "मंग म्हातारा हळू का करतोय, आत्या?"

"त्यो हळूच हाय. मुद्दाम हाय. सिदू येडा, गाव येडं, आन् आपुन दोघी त्यांच्यावर इस्वास ठिवणाऱ्या."

मंग आमी परत पयल्यापासनं लागलो. हळू करायला लई अवघड असतं. पायाची पोटरी थरथरती, घाम येतो. म्या लाथ मारायची, हळू, आन् अयोध्यानं वळायचं, हळू. सासू सुनंला लाथा मारती आन् सून हसती, गावानं बघितलं असतं तर दोघींना येरवड्याला धाडलं असतं. पोट मोठं झालं तशी ती जमिनीला जास्तच धरून उभी ऱ्हायला लागली. माझ्या लाथंच्या वाटंतनं तिची कंबर आपसूक बाजूला व्हायची.

त्या दिवशी एसटी वाटंतच बंद पडली. सिदू टमटमनं परत आला, म्हणून मला आवाज कळला न्हाय, आन् कडी घालायची राहून गेलती. त्यो दारात उभा ऱ्हायला. टीव्हीवर म्हातारा, टीव्हीम्होरं आमी दोघी. त्याला आधी कळलंच न्हाय. कळलं तवा त्यानं कॅसेटींची पिशवी खाली ठेवली.

"माझ्याच घरात माझ्यावरच?" म्हणला. "आये, तूबी?"

म्या म्हणलं, "सिदू, आज पाय उचलू नगंस. तुझ्या पाया पडते."

आई पाया पडती म्हणली तरी त्यानं उचलला. उजवा पाय, नीट पोटाच्या बेतानं, टाच पुढं. अयोध्या हालली न्हाय. मला वाटलं गेलं, हे बी लेकरू गेलं. मंग तिची कंबर वळली. तिनं मोडक्या करंगळीचा हात त्याच्या टाचंखाली घातला, दुसरा गुडघ्याला लावला आन् त्याला वाट दिली. सिदू आपल्याच लाथंच्या जोरानं पुढं गेला, कॅनावर आपटला, टीव्हीवर डोकं गेलं. काच फुटली, धूर निघाला. म्हातारा गेला.

सिदू काचांत डाव्या कुशीवर पडला. कपाळ फाटलेलं, तोंडावर रगत. उजवा पाय आडव्या कॅनावर टेकलेला, नडगीखाली पोकळ जागा. अयोध्या भिंतीला टेकून पोट धरून उभी. सिदू उठायला लागला. ओठातनं रगत थुंकला आन् म्हणला, "तुला न्हाय मारत. आधी त्या पोटातल्यालाच मारतो. तुडवून बाहेर काढतो."

ह्यो शबूद आईच्या कानानं ऐकला.

दाराआड माझा खडी फोडायचा हातोडा असायचा. बाहत्तरच्या दुष्काळात दुष्काळी कामावर म्या त्यानंच दगड फोडले, सिदूला त्याच खडीवर जगवला. दगड फोडायला जोर लागत न्हाय. दगड नीट टेकलेला लागतो आन् जागा बघावी लागती. म्या हातोडा घेतला. अयोध्या म्हणली, "आत्या, नगा." म्या पाय फाकवून उभी ऱ्हायले, म्हातारा उभा ऱ्हायचा तशी. हातोडा वर नेला. घाई न्हवती. सिदूनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, आन् त्याच्या तोंडावर तेच भ्या आलं जे ल्हानपणी त्याचा बाप मला मारताना यायचं.

नडगीवर पयला घाव घातला. हाड वाजलं. त्यो "आये" म्हणून वरडला. दुसरा गुडघ्याच्या खाली घातला, तवा नुसता गळा वाजला, शबूद आला न्हाय.

म्या त्याच्या उशाशी बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, काचा वेचल्या. त्याला सांगितलं, "ह्यो पाय माझा हुता. म्या तेल चोळून वाढवला. तुला नीट वापरता आला न्हाय." माझ्याच पोटात कायतरी मोडल्यावानी झालतं, आन् अजून तसंच हाय.

उत्तरेश्वरच्या गाडीत घालून परंड्याच्या दवाखान्यात नेला. डागदर म्हणले, काय झालं. माझ्याआधी सिदूच बोलला, एसटीतनं पडलो. बाईनं मारलं म्हणायची लाज वाटली, का आईनं मारलं म्हणायची, ते त्याचं त्याला ठावं.

म्हयन्यानं अयोध्याला पोरगी झाली. काळी, ठणठणीत, रडायला लागली की टँकरचा हॉर्न ऐकू येत न्हाय. रोज सकाळी म्या तिला पायावर घेऊन तेल लावते. लाथा अशा मारती की एखादी माझ्या मोडक्या बरगडीवर बसती आन् डोळ्यात पाणी येतं. म्या म्हणते, मार गं बये, तुझा पाय कुणी मोडत न्हाय.

सिदू समोर कॅनावर बसलेला असतो, काठी बाजूला. एक दिवस म्हणला, "आये, माझ्याबी पायाला लाव की तेल. ठणकतंय." तवापासनं नातीचं तेल लावून झालं की त्याचा पाय मांडीवर घेते. हाड वाकडं जुळलंय, हाताला लागतं. तिथं म्या हळू चोळते. चोळता चोळता चाचपून बघते, लाथंचा जोर परत आला का. अजून तरी आला न्हाय.