बोटभर माया

"भावोजी, हे काय बांधलंय तुम्ही?"

धाकटी मेहुणी गॅलरीत कुंडीसमोर उकिडवी बसली होती. मास्तरांनी मशीनवरून मान न उचलता उत्तर दिलं, "आधार दिलाय. वाऱ्यानं वाकत होतं."

"आधार? गळफास लावलाय त्याला. बाहेर या जरा."

मास्तर चष्मा कपाळावर चढवून बाहेर आले. टोमॅटोच्या शेजारी त्यांनी जुनी लाकडी मीटरपट्टी रोवली होती आणि खोड काजाच्या दोऱ्यानं, दुहेरी गाठ मारून, तिला पक्कं बांधलं होतं. महिन्याभरात खोड अंगठ्याएवढं जाड झालं, दोऱ्याचा वेढा मात्र होता तेवढाच राहिला. आता तो सालीत रुतला होता आणि गाठीच्या वरची सगळी पानं सकाळच्या उन्हातच मान टाकून बसली होती.

"काजाचा दोरा आहे. तुटत नाही," मास्तर म्हणाले.

"दोरा नाही तुटत. झाड तुटतं."

मास्तर म्हणजे शिंपी. जवळच्या शाळेचे गणवेश चाळीस वर्षं त्यांनीच शिवले. कापड वाचवून बेतणारे शिंपी पुष्कळ, पण मास्तर आत चार बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवायचे. शिंपी त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवायची, माया सोडायची, की तोच कपडा आणखी एक वर्ष अंगाला येतो. मास्तरांनी शिवलेली पँट आधी बापाला बसते, मग पोराला, अशी लोक त्यांची थट्टा करत आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याकडेच येत.

झाड त्यांच्या बायकोचं. म्हणजे बियाणं तिच्या आईचं, तिनं ते दरवर्षी लावून, दरवर्षी बी धरून जपलेलं. फळ दिसायला अगदीच गबाळं, चपटं, देठापाशी तडकलेलं. "कुणा नवशिक्यानं शिवलाय हा टोमॅटो. नुसत्या चुण्याच चुण्या," असं मास्तर म्हणायचे. पहिलं फळ पिकलं की बायको फोडी करून, वर मीठ भुरभुरून बशी मशीनपाशी आणायची. मास्तर म्हणायचे, "ठेव तिथं. एवढी शिवण होऊ दे." शिवण काही व्हायची नाही. शेवटी ती स्वतःच खायची आणि म्हणायची, "तुमचंच नुकसान."

गेल्या वर्षी ती गेली. बटणांच्या डब्यात, तळाशी, कागदाच्या पुडीत सोळा बिया निघाल्या. मास्तरांनी सोळाच्या सोळा पेरल्या. थोडं राखून ठेवावं हे कापडाच्या बाबतीत त्यांना झोपेतही कळलं असतं, पण इथं घाई झाली. चार उगवल्या. दोन जास्त पाण्यानं गेल्या, एक पाखरानं खुडली. उरलं हे एक झाड. धाकटीच्या घरी उन्हाची तिरीपसुद्धा येत नाही, आणि शेजारपाजाऱ्यांनी असलं वाकडंतिकडं फळ कधीच सोडून दिलेलं. हे झाड गेलं की बियाणं संपलं.

मास्तरांनी दोरे कापायची छोटी कात्री आणून मेहुणीपुढे धरली. तिनं ती घेतली नाही.

"तुम्हीच उसवा. तुमचीच शिवण आहे."

ते खाली बसले. कात्रीचं टोक त्यांनी जपून वेढ्याखाली सरकवलं. दोरा निघाला तो सालीचे तंतू घेऊनच निघाला. मास्तर त्या ओल्या खाचेकडे बघत राहिले. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"मला वाटलं, घट्ट धरलं की राहील," ते म्हणाले.

धाकटी जिभेची तिखट, पण आता तिचा आवाज खाली आला. "ताई चिंध्यांनी बांधायची. तुमच्याच कातरणातल्या. बोट फिरेल एवढं सैल. म्हणायची, माया सोडायला मी ह्यांच्याकडून शिकले."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही मशीनवरून मान कधी वर केलीत?"

आठवड्याभरात झाडाचा वरचा भाग वाळला. गाठीच्या खाली एक फांदी मात्र तगली. तिला तीन फुलं आली, दोन गळली, एक धरलं. मास्तरांनी गणवेशाच्या निळ्या कापडाची पट्टी फाडून फांदीला सैल बांधली आणि दर दोन दिवसांनी आत बोट घालून बघितलं. मशीन त्यांनी फिरवून गॅलरीकडे तोंड करून ठेवलं. गिऱ्हाइकं विचारायची, तर ते म्हणायचे, उजेड बरा येतो.

फळ पिकलं त्या दिवशी धाकटी आली. तिनं ते चिरलं, बियांचा गर पाण्याच्या पेल्यात काढला आणि बजावलं, "तीन दिवस राहू दे असाच. वास सुटेल, साय धरेल. नासलं म्हणून ओतून टाकू नका. मग धुऊन वाळवायच्या." राहिलेल्या फोडींवर मीठ घालून तिनं बशी मशीनपाशी आणली.

"ठेव तिथं, एवढी शि..." सवयीनं तोंडातून निघालं आणि मास्तर थांबले. त्यांनी मशीनवरचा पाय काढला, कपडा बाजूला सारला आणि बशी मांडीवर घेतली. एकेक फोड सावकाश खाल्ली, शेवटी बशीतलं पाणीही प्यायले.

"कसा आहे?"

"नुकसान झालं माझं," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात धाकटी आली तेव्हा बिया कागदावर खडखडीत वाळल्या होत्या आणि मास्तर निळ्या कापडाची तळहाताएवढी पिशवी शिवत होते. तिनं ती उलटी करून पाहिली. दोन्ही बाजूंना बोटबोटभर कापड आत दुमडलेलं होतं.

"बिया काय पिशवीत वाढणार आहेत? एवढी माया कशाला?"

मास्तरांनी दोरा दातानं तोडला.

"असू दे," ते म्हणाले, आणि तिच्यासाठी दुसरी पिशवी बेतायला घेतली.