सायगॉनचा नवस

गंगेने आयुष्यातलं पहिलं गाऱ्हाणं घातलं ते परमुलखात, कोलंबोच्या समुद्राकाठच्या दगडांवर उभं राहून. राजापूरकडच्या नाटे या तिच्या गावात तिला ते कोणी घालू दिलं नसतं. गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते गुरवाने नाहीतर मानकऱ्याने. बाकीच्यांनी त्याच्या दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, आणि बायकांनी मागे पदर सावरून उभं राहायचं. पण इथे अडवायला ना गुरव होता, ना मानकरी.

"तुम्ही व्हय म्हाराजा म्हणायचं," तिने नवऱ्याला बजावलं. "आणि खणखणीत. पुटपुटायचं नाय."

"लोक बघतायत गो," आत्माराम म्हणाला.

"बघू देत. सत्तरी गाठलीत, आता कोण तुम्हाला मुलगी दाखवायला येतंय?"

तिने नारळ दोन्ही हातांत धरला. घरचे पाच नारळ तिने निवडून आणले होते, पण ते मुंबईच्या विमानतळावरच काढून घेतले. तेव्हा ती त्या साहेबाला म्हणाली होती, "खा बाबा, गोड आहेत." हा नारळ कोलंबोच्याच बाजारातला.

"बा दर्याच्या राजा, कोलंबोच्या पाण्या," तिने आवाज लावला. "माझा माणूस तुझ्या अंगाखांद्यावर होता. तो सुखरूप माझ्या दारात पोचवलास."

"व्हय म्हाराजा."

"त्याचा बोललेला नारळ आज घेऊन आलेय. गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा!"

नारळ पाण्यात गेला. गंगेने डोळे पुसले आणि लगेच पिशवीतून वही काढून कोलंबोच्या नावापुढे खूण केली.

आत्माराम तीस वर्षं जहाजावर होता, इंजिनखात्यात तेलवाला. वर्षातले दहा महिने पाण्यावर आणि दोन महिने घरी. घरी पत्र यायचं ते शाळेतले मास्तर वाचून दाखवायचे, आणि बंदर कुठलं ते नकाशात बोट ठेवून सांगायचे. गंगा तेव्हा निरक्षर. ती नाव तेवढं पाठ करायची, संध्याकाळी खाली बंदरावर जायची, आणि त्या नावाच्या पाण्याला सांगायची, माझा माणूस परत दे, तुझ्याकडे येऊन नारळ वाहीन. नवस बोलताना तिकडे जायचं कसं, हा विचार कोण करतो? पुढे पन्नाशीला आल्यावर ती साक्षरतेच्या वर्गात बसली, अक्षरं शिकली, आणि ट्रंकेतली सगळी पत्रं स्वतः वाचून काढली. बंदरांची नावं वहीत उतरवली. पाच नावं निघाली. मग तिने मुलीला, वेदिकाला सांगितलं, "मला देवदर्शन नको, काशी नको. माझे नवस फेडायचेत. मरताना बोजा नको."

वेदिकाने महिनाभर खपून सगळं ठरवलं. विमानं, हॉटेलं, कुठे काय खायचं, कुठे काय नाही. सव्वा महिन्याचा प्रवास. नाट्यात तर चर्चाच झाली. "म्हातारा-म्हातारी हनिमूनला चालली," म्हणून लोक हसले.

हसला नाही तो आत्माराम. कारण वहीतलं शेवटचं नाव होतं सायगॉन. आणि सायगॉनला तो कधी गेलाच नव्हता.

हे त्याच्याशिवाय जगात कोणालाही ठाऊक नव्हतं. एकेचाळीस वर्षांपूर्वी गावाने त्याला वाजतगाजत एसटीत बसवून दिलं होतं. मुंबईत जहाजावर चढण्याआधीच्या तपासणीत डॉक्टरने कानावरून नापास केलं. कान फुटला होता, त्यातून पू येत होता. सहा महिन्यांनी या, म्हणाले. वाजतगाजत निघालेला माणूस आठ दिवसांत कोणत्या तोंडाने परत जाणार? गावच्या मंडळाच्या खोलीवरही तो गेला नाही. तिथे सगळे नाट्याचे. माझगावात एका खाणावळीत राहिला आणि घरी लिहिलं, जहाज सायगॉनला अडकलंय. परत येणाऱ्या सोबत्याच्या हाती पत्र द्यायचं आणि त्याने मुंबईत टपालात टाकायचं, ही खलाशांची रीतच होती. त्यामुळे मुंबईचा शिक्का पाहून कोणाला शंका आली नाही.

त्याच वर्षी श्रावणात इकडे गावी त्याची आई गेली. कान बरा करून चार महिन्यांनी तो घरी पोचला, तेव्हा तिचे दिवसही होऊन गेले होते.

पेनांगला गाऱ्हाणं झालं. सिंगापूरला आत्मारामने आधीच सांगितलं की इथे पाण्यात काही टाकलं तर दंड होतो. गंगेने मग नारळ नुसता पाण्याला टेकवला, बाकड्याच्या कडेवर फोडला, आणि दोघांनी बसून खाल्ला. "देवाला वास, आपल्याला घास," ती म्हणाली. बँकॉकला नदीच्या धक्क्यावर एक फुलवाली बाई गंगेचं गाऱ्हाणं ऐकून जवळ आली, हात जोडून शेजारी उभी राहिली आणि आपल्या भाषेत आपलं काहीतरी मागून गेली. जाताना तिने गंगेच्या हातावर झेंडूची माळ ठेवली. गंगा दिवसभर ती मनगटाला गुंडाळून फिरत होती. "किती चांगली माणसं हो ही," ती सारखी म्हणत होती. "आपण ह्यांचं काय लागतो?"

तिचा आनंद वाढत होता तसा आत्मारामचा घास तोंडात फिरत होता. बँकॉकला त्याने एकदा टाळायचा प्रयत्न करून पाहिला.

"गंगे, सायगॉन राहू दे काय? माझे गुडघे धरलेत. आणि आता त्याचं नावपण ते राहिलं नाय."

"नाव बदललं म्हणून पाणी बदलतं काय?" ती म्हणाली. "आणि सगळं राहिलं तरी चालेल, ते नाय राहायचं. माझा सगळ्यात मोठा नवस तिथला."

विमानात त्याने मनाशी ठरवलं. चार ठिकाणी म्हटलं तसं पाचव्या ठिकाणी म्हणायचं. दोन शब्द तर आहेत. एवढ्या वर्षांत निभावलं, आता दोन शब्दांनी काय होतंय?

सायगॉनला सकाळी ती दोघं नदीवर गेली. पाणी गढूळ, त्यावरून पाणवनस्पतीचे हिरवे पुंजके वाहत चाललेले. कठड्यापाशी म्हातारी माणसं हातपाय हलवून व्यायाम करत होती. गंगेने नवी साडी नेसली होती.

"तुमचं जहाज कुठे लागलं होतं?"

त्याने असाच कुठेतरी हात केला. ती त्या दिशेला तोंड करून उभी राहिली.

"बा सायगॉनच्या पाण्या, चार महिने माझा माणूस तुझ्याकडे अडकला होता. तू त्याला सांभाळलंस."

"व्हय म्हाराजा," आत्माराम म्हणाला. आवाज निघाला, पण खणखणीत नव्हता.

"त्या श्रावणात त्याची आई गेली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. तिच्या तोंडात मी पाणी घातलं. माझ्या वाटणीचं घातलं आणि मुलाच्या वाटणीचंही मीच घातलं. कारण मुलगा तुझ्या राखणीत होता, त्याला येता येण्यासारखं नव्हतं."

ती थांबली.

"म्हणा की."

तो पाण्याकडे बघत राहिला.

"अवो, मधेच थांबू नये. म्हणा."

"नाय म्हणवत, गंगे," तो म्हणाला. "मी इथे कधी आलोच नाय."

मग त्याने सगळं सांगितलं. कान, खाणावळ, पत्रं. सांगायला फार वेळ लागला नाही. एकेचाळीस वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा, उचलून बघितला तर दहा-बारा वाक्यांचा.

गंगा नारळ धरून तशीच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "माझगावात."

"व्हय."

"रात्री एसटीत बसलं की सकाळी राजापूर."

ती वळली आणि चालायला लागली. तो चार पावलं मागे ठेवून हॉटेलपर्यंत गेला.

नाट्यात भांडण झालं की गंगा शेजारी जाऊन बसायची. इथे शेजार कुठला? आणि मराठी कळणारं दुसरं माणूस अख्ख्या शहरात तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने कळ काढली. मग ती खाली गेली. हॉटेल छोटंसं, घरगुती. मालकिणीची म्हातारी सासू मागच्या पडवीत शेंगा सोलत बसायची. गंगा तिच्यासमोर बसली, मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि सोलता सोलता बोलायला लागली. मराठीत. आत्माराम जिन्याच्या वळणावर उभा राहून ऐकत होता.

"बाई गो, एकेचाळीस वर्षं मी ह्याच्यासाठी भांडले. नणंद म्हणाली, पोरगा आईला पाणी पाजायला आला नाय. मी तिचं तोंड धरलं. म्हटलं, समुद्रापलीकडच्या माणसाला कोण कळवणार? दोन वर्षं मी त्या नणंदेकडे पाणी प्याले नाय. आणि हा मेला माझगावात भात खात होता!"

म्हातारीने मान हलवली आणि तिच्यापुढे आणखी शेंगा सारल्या.

"तशी तुला तरी काय नवऱ्याने कमी रडवलं असेल?" गंगा म्हणाली. "तुमच्याकडे तर लढाया झाल्या म्हणे. मास्तर सांगायचे."

म्हातारी तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलली. मग दोघी शेंगा सोलत राहिल्या. टोपली संपली तेव्हा गंगा उठली, खोलीतून तो नारळ घेऊन आली आणि म्हातारीच्या हातात दिला. "कालवणात घाल," तिने खुणेने सांगितलं. म्हातारी खूश झाली. त्या दिवशी संध्याकाळी दोघांच्या पानात नारळाच्या रसातलं कोंबडीचं कालवण आलं. हॉटेलात जेवण मिळत नव्हतं. ते म्हातारीने घरचं म्हणून पाठवलं होतं.

जेवताना गंगा पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"त्या चार महिन्यांत तुम्हाला जेवू कोणी घातलं?"

"खाणावळवाल्या सुनंदाबाईने. दाभोळच्या त्या. नवरा गेलेला, एकटीने खाणावळ चालवायच्या. मी भांडी घासायचो, बाजार आणायचो. त्यांनी कधी विचारलं नाय, घरी का जात नायस म्हणून."

"आणि कान?"

"त्यांनीच सरकारी दवाखान्यात नेलं. आठवड्यातून दोनदा. रांगेत माझ्याबरोबर बसायच्या. ताप चढला तेव्हा पेजही करून घातली."

"मग तुम्ही परत कधी गेलात त्यांच्याकडे?"

आत्माराम मान खाली घालून म्हणाला, "नाय गेलो. लाज वाटायची."

गंगेने हातातला घास ताटात ठेवला.

"शाबास! म्हणजे आईलाही विसरलात आणि हिलाही." मग ती म्हणाली, "ऐका. मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. आईचं जे काय आहे ते वर गेल्यावर आईशी बघा. मी मध्ये पडणार नाय. पण मी नवस बोलले होते माझा माणूस जिवंत परत यावा म्हणून, आणि तो आला. त्याला पाठवलं ते काय ह्या नदीने पाठवलं नाय. ज्या बाईने पाठवलं तिच्या पायावर डोकं ठेवल्याशिवाय मी नाट्यात पाऊल टाकायची नाय. उद्या बाजारात चला. तिच्यासाठी कापड घ्यायचंय."

मुंबईत विमानतळावरून ती दोघं बोचकी घेऊन थेट माझगावात गेली. खाणावळ केव्हाच बंद झाली होती. पण चाळ उभी होती, आणि मागच्या खोलीत सुनंदाबाईही होत्या. शहाऐंशी वर्षांच्या, पांढऱ्याशुभ्र. नात तेजल त्यांना सांभाळत होती. आत्मारामने नाव सांगितलं, साल सांगितलं, कान दाखवला. म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"नाय रे आठवत," त्या म्हणाल्या. "लई होते. कोणाचा कान, कोणाचा पाय, कोणाची नोकरी गेलेली. तू त्यातलाच असशील."

आत्मारामचा चेहरा उतरला. पण गंगा पुढे झाली. तिने सायगॉनचं निळं रेशमी कापड म्हातारीच्या मांडीवर ठेवलं आणि पायांवर डोकं टेकलं.

"तुम्हाला नाय आठवलं तरी चालेल, काकी. मी ह्याची बायको. तुम्ही ह्याला वाढलंत म्हणून माझा संसार झाला. पुढे मुलगी झाली, नातवंडं झाली."

म्हातारीने कापडावरून हात फिरवला, मग गंगेच्या पाठीवरून. "एवढे देश फिरून आलात म्हणे. मग इथे काय बघायला आलात गो?"

"तुम्हाला."

"मी काय बघण्यासारखी राहिलेय!" म्हातारी हसली. "बरं, आलात तर जेवल्याशिवाय जायचं नाय. तेजल, भात टाक. पण मासे नायत घरात आज."

"मी आणते," गंगा म्हणाली. ती पदर खोचून उठली आणि दाराशी टांगलेली पिशवी तिने घरच्यासारखी काढून घेतली. उंबऱ्यात वळून ती आत्मारामला म्हणाली, "तुम्ही बसा काकींजवळ. त्यांना आईचं सांगा, सगळं सांगा, काय लपवू नका. आणि वेदिकाला फोन करा, आमची आजची गाडी रद्द. उद्याची काढ म्हणावं."

आत्माराम म्हातारीच्या पायाशी, गार फरशीवर मांडी घालून बसला. "काकी," तो म्हणाला, "त्या श्रावणात माझी आई गेली."

"कुठे होतास तू तेव्हा?" म्हातारीने विचारलं.

"इथेच," तो म्हणाला. "तुमच्याकडे."