वरच्या हॉटेलातला पाहुणा

आमच्या गावातलं कुणी कधी वरच्या हॉटेलात राहिलेलं नव्हतं. भांडी घासायला, बर्फ उपसायला, गाद्यांच्या चादरी बदलायला निम्मं गाव तिथं जातं. माझा नवरा विगिल रोज सकाळी दूध-लोणी पोचवून येतो, तेही मागच्या दारानं. त्यामुळे आमच्या अनेलीसनं लग्नाच्या वाढदिवसाला आम्हा दोघांना तिथला चार दिवसांचा मुक्काम भेट दिला, तेव्हा खूश होण्याऐवजी विगिल तिच्यावर चिडलाच.

"घरापासून अर्ध्या तासावर राहायला जायचं? आणि करायचं काय? आपलंच दूध प्यायचं?"

"बाबा, काही करायचं नाही. तेच तर करायचंय," अनेलीस म्हणाली. "गाई मी बघते, आजीलाही बघते. तुम्ही नुसतं पडून राहा."

विगिल पडून राहणाऱ्यातला नाही. पहिल्या दिवशी त्यानं खोलीतल्या खिडकीची बिजागरी तपासली, बाल्कनीच्या लाकडावर टिचक्या मारून पाहिल्या, आणि मग पांढरा झगा घालून आरशासमोर उभा राहिला.

"झेन्झी, मी पाद्रीबाबांसारखा दिसतोय."

"पाद्रीबाबा इतके पोट सुटलेले नाहीत," मी म्हटलं.

डावा हात त्यानं झग्याच्या खिशात घातला होता. त्या हाताची दोन बोटं त्याला नाहीत. तरुणपणी बर्फानं खाल्ली. गावात कुणाला त्याचं काही वाटत नाही, पण परक्या लोकांत तो हात आपोआप खिशात जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला ओढतच खाली स्पामध्ये नेलं. गरम पाण्याच्या तलावात तो गळ्यापर्यंत बुडून बसला, समोरचं शिखर बघितलं, आणि पहिल्यांदाच कबूल केलं की बरं वाटतंय. मग मी सौनाचं, म्हणजे वाफेच्या खोलीचं नाव काढलं. आमच्याकडे सौनात बायका-पुरुष एकत्रच बसतात, अंगावर सूत न ठेवता. लहानपणापासूनची सवय, त्यात लाजण्यासारखं काही नसतं. पण विगिल अडून बसला.

"सकाळी ज्यांच्या कॉफीत माझं दूध पडतं, त्यांच्यासमोर मी उघडा बसू?"

"त्यांना काय ठाऊक दूध कुणाचं ते. चल."

आत लाकडी पायऱ्यांवर सात-आठ जण घाम गाळत बसले होते. आम्ही मधल्या पायरीवर जागा धरली. आमच्या मागे, वरच्या पायरीवर, पांढरी दाढी राखलेला एक उंच माणूस डोळे मिटून बसला होता. सौनावाला आला, तापलेल्या दगडांवर त्यानं देवदाराच्या वासाचं पाणी ओतलं आणि टॉवेल गरगरा फिरवत गरम वाफेचे झोत एकेकाच्या तोंडावर मारायला लागला. विगिलनं वाफ चुकवायला मान वळवली. त्या माणसाची पोटरी त्याच्या तोंडापासून वीतभरावर होती.

विगिल तसाच राहिला. मान वळवलेली, तोंड अर्धवट उघडं. मला वाटलं, उष्णतेनं चक्कर आली. मी त्याचा दंड धरला तर तो दगडासारखा घट्ट लागला. मग त्यानं तो डावा हात, ज्याला लपवायला आता खिसाच नव्हता, उचलला आणि उरलेल्या बोटांनी त्या परक्या माणसाच्या पोटरीला हात लावला.

"कासी?" तो म्हणाला.

पाय चटका बसल्यासारखा वर ओढला गेला. माणसानं डोळे उघडले. एक क्षण त्यानं विगिलकडे पाहिलं, आणि टॉवेलसुद्धा न घेता, माणसांच्या गुडघ्यांवरून ठेचकाळत दाराबाहेर पडला. विगिल त्याच्या मागे. आणि विगिलच्या मागे मी.

मला तेव्हा कळत होतं आणि कळत नव्हतंही. कासियान हा विगिलचा थोरला भाऊ. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, कारण आमचं लग्न व्हायच्या आधीच तो गेला होता. आमच्याकडे शेताचे तुकडे करत नाहीत. सगळं थोरल्याला जातं आणि धाकट्यानं आपली वाट शोधायची. विगिलनं शोधली होती. शहरात चर्चचे ऑर्गन बनवणाऱ्या एका कारागिराकडे तो शिकत होता. मग एका शरदात पहिला बर्फ लवकर पडला. वर राहिलेल्या मेंढ्या आणायला कासियान हिमनदी ओलांडून गेला तो परतलाच नाही. एका खोल भेगेच्या काठावर त्याची पाठपिशवी आणि टोपी सापडली. शोधपथकानं काही दिवसांनी हात टेकले. विगिलनं नाही टेकले. तो एकटा दोर घेऊन पुन्हा वर गेला, वादळात अडकला, आणि भाऊ नाही तो नाहीच, स्वतःची बोटं मात्र तिथं ठेवून आला. ऑर्गनचं काम सुटलं. शेत, गाई, पुढे वडील गेल्यावर आई, सगळं त्याच्यावर आलं. त्यानंतर दोन वर्षांनी मी.

बाहेरच्या अंगणात बर्फ होता आणि गार पाण्याचा लाकडी हौद. त्या हौदाशी तो माणूस उभा होता, अंगातून वाफा निघत होत्या. कुणी तरी मला झगा दिला, मी आणखी दोन मागितले. दोघांपैकी कुणीही ते घेतले नाहीत.

"आपली काही तरी चूक होतेय," तो माणूस म्हणाला. अगदी पुस्तकी भाषेत, परदेशातून आलेल्या माणसासारखं.

"पुस्तकी बोलू नकोस," विगिल म्हणाला. "विळा मीच मारला होता तुझ्या पायावर, गवत कापताना. माणसांचा डॉक्टर पोचेना म्हणून गाईला बघायला आलेल्या डॉक्टरनं शिवला. असला वेडावाकडा टाका जगात दुसऱ्या कुणाच्या पायावर आहे?"

माणूस विगिलच्या हाताकडे बघत होता.

"हाताला काय झालं रे तुझ्या?" त्यानं विचारलं. हे मात्र आमच्या खोऱ्याच्या बोलीत. 'रे' सुद्धा आमचाच.

"तुला शोधत होतो."

मी माझ्या आयुष्यात माणसाचा चेहरा असा कोसळताना पाहिला नव्हता. कासियान हौदाच्या काठावर बसला, मग तिथून घसरून बर्फातच बसला. आता मी दोघांच्या अंगावर झगे टाकले.

"पिशवी?" विगिलनं विचारलं.

"मीच ठेवली काठावर. टोपीपण."

"का?"

"मला ते शेत नको होतं, विगी. बाबांना सांगितलं होतं मी. ते म्हणाले, थोरला आहेस, विषय संपला. निघून गेलो असतो तर शोधून परत आणलं असतं त्यांनी. मेलेल्याला कोण परत आणतं? मला वाटलं, दोन दिवस शोधतील, रडतील, आणि मग…"

"आणि मग काय?"

"मग तू तरी मोकळा आहेस, शहरात, ऑर्गन बनवतोयस, असं वाटायचं मला. शेत बाबांनी विकलं असेल, असं समजत होतो मी."

विगिल एकदम हसला. तलावातले पाहुणे वळून बघायला लागले.

तेवढ्यात एक गोरीपान, पिंगट केसांची बाई घाईघाईनं आमच्याकडे आली. कासियानची बायको, रागनहिल्ड. नॉर्वेची. जहाजावर काम करत करत तो तिकडे पोचला होता, तिच्याशी लग्न केलं होतं, तिकडचाच झाला होता. आमच्या खोऱ्यातलं वर्तमानपत्र तिकडे कोण वाचणार होतं? तिला आमची भाषा मोडकी-तोडकी येत होती.

"काय झालं? हे कोण?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"कुणी नाही. ओळखीचे आहेत."

"भाऊ," विगिल मोठ्यानं म्हणाला, बहिऱ्याला सांगावं तसं. "मी भाऊ. याचा. धाकटा."

रागनहिल्डनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग माझ्याकडे, जणू मी तरी शहाणी असेन.

"पण त्याचा भाऊ मेला," ती म्हणाली. "हिमनदीत पडून. लहान वयात. आम्ही दर वर्षी त्याच्या नावानं मेणबत्ती लावतो."

आतून सौनावाल्याचा टॉवेल फडफडल्याचा आवाज येत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

"असं होय," विगिल शेवटी म्हणाला. "म्हणजे तिकडे मी मेलोय."

तो वळला, आत गेला आणि खोलीत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला. रागनहिल्डला मी माझ्या परीनं सगळं सांगितलं. ती रडली नाही. तिनं बोटातली अंगठी एकदा काढली, बघितली आणि परत घातली. मग कासियानला विचारलं, "आणि तुझी आई? तीपण नाही म्हणालास."

कासियान माझ्याकडे बघायला लागला. "आहे?" त्यानं मला विचारलं. विचारायचं धैर्य त्याच्यात कुठून आलं, देव जाणे.

"आहे," मी म्हटलं. "तुमच्या खिडकीतून आमच्या घराचं धुराडं दिसतं ना, त्याच्या खाली बसलेली असते."

तेव्हा त्यानं सांगितलं की हॉटेल त्यानंच निवडलं होतं. गावातलं कुणी इथं राहत नाही, दाढी पांढरी झालीय, कोण ओळखणार? एकदा वरून घर बघायचं आणि परत जायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. तीन दिवस तो बाल्कनीत बसून आमच्या घराकडे बघत होता. अनेलीसला कपडे वाळत घालताना त्यानं पाहिलं होतं आणि ती शेत विकत घेतलेल्या कुणाची तरी मुलगी असेल, असं समजला होता.

विगिल सासूबाईंना सांगायला तयार होईना. "ती मरेल," एवढंच म्हणाला. मला वाटलं, मेला समजून या मुलासाठी ती बाई आधीच एकदा मेलीय. मी एकटी खाली घरी उतरले.

सासूबाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. फिलोमेना हे त्यांचं नाव आमच्या गावात नुसतं घेतलं तरी माणसं सरळ उभी राहतात. मी अनेलीसला बाहेर पाठवलं आणि गोल गोल न फिरवता सांगून टाकलं.

"आई, कासियान जिवंत आहे. वर हॉटेलात आहे."

सुरी थांबली. बटाट्याची साल लोंबकळत राहिली. त्यांचा चेहरा हळूहळू असा पांढरा होत गेला की मी पाण्यासाठी उठले.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "पडला होता? कुठं हरवला होता? कुणी धरून ठेवला होता?"

"नाही, आई. तो निघून गेला होता."

"स्वतःच्या पायानं?"

"हो."

लोंबकळती साल त्यांनी सुरीनं तोडून टाकली. मग म्हणाल्या, "आणि आता वर बसून माझं घर बघत होता?"

"हो."

"विगिलला कळलं?"

"त्यानंच ओळखलं."

तेव्हा त्या रडल्या. थोरल्यासाठी नव्हे, हे मी शपथेवर सांगेन. "माझं लेकरू," "माझ्या लेकराची बोटं," असं म्हणत रडल्या. डोळे पुसले, उरलेला बटाटा सोलून पातेल्यात टाकला आणि म्हणाल्या, "उद्या रविवार. त्याला सांग, प्रार्थना संपली की चर्चच्या भिंतीशी ये. तो मेला म्हणून लावलेली त्याच्या नावाची पाटी आहे तिथं. ती त्यानं स्वतः काढायची. सगळे बाहेर उभे असताना. मग पुढचं बघू."

मला वाटलं, तो रातोरात पळून जाईल. पळण्यात त्याचा हातखंडा होता. पण तो आला. रागनहिल्ड बरोबर होती, किंबहुना तिनंच त्याला आणलं असावं. त्याच्या कोटाची बाही तिनं घट्ट धरली होती. माणसं चर्चमधून बाहेर पडली आणि आवारातच थांबली. कुणी घरी जाईना. शोधपथकात असलेल्या म्हाताऱ्या योडोकनं कासियानला ओळखलं आणि टोपी काढून छातीशी धरली, मयतासमोर धरतात तशी. मग त्याला आपली चूक कळली आणि तो शिवी हासडून टोपी परत घालून निघून गेला.

पाटी लोखंडाची होती, कोपऱ्यांत स्क्रू. कासियाननं खिशातून पेचकस काढला. तीन स्क्रू निघाले, चौथा गंजून भिंतीशी एकजीव झाला होता. तो जोर लावत राहिला, पेचकस सटकत राहिला, त्याच्या पंजातून रक्त आलं. गाव बघत होतं. सासूबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषसुद्धा हलली नाही.

माझ्या शेजारून विगिल निघाला. मला वाटलं, आता हा त्याला मारणार. तो आमच्या दुधाच्या गाडीपाशी गेला, तेलाची बाटली आणि हातोडी घेऊन आला, भावाला खांद्यानं बाजूला सारलं, स्क्रूवर तेल सोडलं, दोन ठोके घातले आणि तीन बोटांच्या हातानं पाटी दाबून धरली.

"फिरव," तो म्हणाला.

कासियाननं फिरवला. पाटी निघाली, तेव्हा तिच्यामागची भिंत पांढरी स्वच्छ दिसत होती.

सासूबाई पुढे झाल्या. मुलाच्या दाढीला हात लावला, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "बापासारखा दिसायला लागलास." त्याला पळवून लावणाऱ्या बापासारखा. मग त्यांनी रागनहिल्डचा हात धरला आणि तिच्या आधारानं घराकडे चालायला लागल्या. मुलाला चल म्हणाल्या नाहीत. तो आपणहून मागे गेला.

ते दोघं दुसऱ्या दिवशी परत गेले. आता रविवारी नॉर्वेहून फोन येतो. सासूबाई थोडंच बोलतात. जास्त करून गाईंचं आणि हवेचं. रागनहिल्ड उन्हाळ्यात एकटी येऊन राहून गेली, गवत वाळवायला मदत केली. कासियानला यायचं असतं, पण विगिलनं अजून ये म्हटलेलं नाही आणि आम्ही कुणी त्याला आग्रह करत नाही. तो भावाशी फोनवर बोलतही नाही. फक्त फोन वाजला की आईला नीट ऐकू यावं म्हणून उठून रेडिओ बंद करतो आणि तिथंच खुर्चीत बसून राहतो, फोन संपेपर्यंत.