कोरपन्याच्या नाक्यावरचं लाइव्ह

मिरची तोडाले जाणाऱ्या गाड्या सुटाच्या आधी सारे जिच्या कॅमेऱ्यासमोर उभे राह्यतात ना, ती नाहीद. चंद्रपूरच्या कय्यूम टेलरची पोरगी. ते कसं सुरू झालं माहीत आहे का? ऐका ना बाप्पा!

लॉकडाऊन लागला होता. साऱ्या देशात लोक पायी निघाले होते, अन् तेलंगणात मिरचीले गेलेले आपले लोकही जंगलाजंगलानं वापस येऊन राह्यले होते. नाहीद लोकल केबलवर बातम्या द्यायची, पण जीव सारा मुंबईच्या चॅनलमंदी अडकलेला. अन् पाहा, त्याच चॅनलचा फोन आला! तेलंगणाच्या सीमेवर, कोरपन्याच्या नाक्यावरून दोन मिनिटं लाइव्ह दे, जमलं तं नोकरी पक्की.

कॅमेरा तिच्यासंग केबलवर काम करणाऱ्या प्रफुलचा, मोटरसायकल प्रफुलची, बडबडही प्रफुलचीच.

"मॅडम, मुंबईले गेल्यावर मले ओळखान ना?"

"आधी कॅमेरा तं सरळ धर!"

तिच्या कानात मुंबईची बाई बोलून राह्यली होती, "नाहीद, रडणारं कोणी बघ. पायाचे फोड दाखव."

समोरून आली गुणाबाई, गडचिरोलीतल्या कुरखेड्याकडची. डोक्यावर मजुरीत भेटलेल्या मिरचीचं बोचकं.

"बाई, कसं वाटून राह्यलं तुमाले?"

गुणाबाईनं तिले खालवर पाह्यलं. "तू चालून पाह्य, मंग समजते. हे टीव्ही आमच्या गावाले दिसते का?"

"साऱ्या महाराष्ट्राले दिसते."

"आत्ता?"

"आत्ताच."

बस! माइक गुणाबाईच्या हातात. "ओ चंचलचे बाबा! मी जित्ती आहो. चैतू आहे, रंजीता आहे, सारे आहो. चिंता करू नोका, अन् धान भरडून ठेवा!"

मागं लाइनच लागली ना! झिंगू नावाचा पोरगा घुसला. "आई, मोबाइल बंद पडला माया, मी नाई!" सारे हासले. इतके दिवस चालून आलेले लोक, हासले!

कानात बाई ओरडली, "माइक घे तिच्याकडून! ही काय हजेरी लावलीये?"

नाहीदचा हात पुढं गेला, खरंच गेला. नोकरी होती ना तिथं! पण तेवढ्यात म्हातारा लटारूभाऊ समोर आला. त्यानं डोक्याचा दुपट्टा सोडला, थुंकी लावून केस बसवले, घरचे पाह्यतील म्हणून. नाहीदचा हात आपसूक खाली आला.

"बोला भाऊ," ती म्हणे.

भाऊनं तोंड उघडलं अन् नाहीदच्या कानात एकदम शांत. मुंबईनं लाइव्ह कापलं होतं.

"बंद झालं भाऊ," नाहीदनं खरं ते सांगून टाकलं. भाऊचं तोंड एवढंसं झालं. अन् लाइन तं तशीच उभी.

"मुंबईचं बंद झालं, माया साळ्याचं नाई," प्रफुल बोलला. "कुरखेड्यात केबल आहे त्याचं. बोला तुमी, मी धाडतो."

मंग नाहीदनं एकाएकाले बोलतं केलं, आरामात. कुरखेड्यात घरोघरी ते तोंडं दिसले. लोक टीव्हीले हात लावून पाहत होते म्हणे.

मुंबईचा फोन काई आला नाई. चंद्रपूरचं लोकल केबलही बंद पडलं. नाहीद दुकानात काज-बटन करत बसली. चहा आला की अब्बा पयले तिले देत.

मिरचीचे दिवस आले अन् फोन वाजला. "मी गुणाबाई. आमी पुन्हा चाललो. तू ये. तू आल्याबगर ड्रायव्हरले चाबी देत नाई मी."

"बाई, मी आता कोणत्याच चॅनलमंदी नाई."

"चॅनलले कोणं बलावलं? केबलवाल्याशी बोलली मी. रोज लाव म्हणलं अशा बातम्या, अन् पोरीले पगार दे. नाई तं सारं गाव कनेक्शन काढते म्हणलं! झाला तयार."

नाहीद गेली, प्रफुलच्याच मोटरसायकलवर. गावाबाहेर गाडी उभी, सारे धुतलेले कपडे घालून तयार. एकाएकानं नाव सांगतलं, गाव सांगतलं, घरच्याईले निरोप देल्ला. शेवटी गुणाबाईनं नाहीदलेच खांद्याले धरून कॅमेऱ्यासमोर उभं केलं.

"आता तू सांग. तुयाही घरी कोणी वाट पाहत असन ना? हा प्रफुल धाडन तिकडं."

आठ वर्षं माइक धरणाऱ्या पोरीनं पयले केस बसवले, लटारूभाऊवानी. ड्रायव्हरनं हॉर्न मारला.

"सांग ना लवकर, उशीर होऊन राह्यला!" गुणाबाई बोलली.

"अब्बा," नाहीद बोलली, "मी नाहीद. कुरखेड्याले आहो. मले काम भेटलं, अब्बा. या लोकाईनं देल्लं."