चोपन्न हजारांची काच

शहाद्याला माझं बियाण्यांचं दुकान आहे. कंपनीचा माणूस रंगीत पत्रक घेऊन आला की माझं डोकं फिरतं. दोन ओळी जुन्या वाणाच्या, शेजारी दोन ओळी नव्या, खत-पाणी सारखं, मग बोलू. पंचवीस वर्षं मी असाच प्लॉट टाकून माल घेतो.

त्यामुळे माझ्या मुलीने, मोहिनीने, चोपन्न हजारांचा मॉनिटर मागवला, तेव्हा मी तिलाही पत्रकवाल्यांत धरलं. पैसे तिच्या बक्षिसांचे होते, पण घर माझं होतं. ती कॉम्प्युटरवर गोळीबाराचा खेळ खेळते. पुण्याचा एक संघ दरवर्षी दहा जण निवडतो. गेल्या वर्षी ती दोन मुडद्यांनी हुकली. यंदाही हुकली तर मुकाट्याने दुकानात बसायचं, असं तिने कबूल केलं होतं. निवड पंधरा दिवसांवर होती.

"जुना आठ हजारना. त्यावर काय दिसत नही?" मी विचारलं.

"दिसस, पप्पा. पन उशिरा दिसस."

जुना सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, नवा दोनशे चाळीस, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, "आधी प्लॉट टाकूत." सात दिवसांत माल परत जात होता. नव्यावर मुडदे जास्त पडले तर ठेवायचा, नाहीतर परत. परतीचा माणूस मी आधीच सांगून ठेवला, कारण निकाल मला ठाऊक होता.

नवी वस्तू घरात आली की माझी बायको कामिनी तिला कुंकू लावते. मोटार असो, मिक्सर असो. पण मोहिनी ओरडली, "काचले हात नको लावू!" म्हणून नव्याच्या पायाला कुंकू लागलं. मग कामिनीचं लक्ष जुन्याकडे गेलं.

"पोळाले जुना बैलले कोनी सोडस का? त्याले वाईट वाटी," असं म्हणून तिने ओलं बोट जुन्याच्या काचेवर टेकवलं. मॉनिटरचं कपाळ कुठे असतं ते तिला कळेना, म्हणून तिने बरोबर मध्य धरला. "पुसू नका हां कोनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा डाव नव्यावर, दहा जुन्यावर. मोजायला दुकानातला फुलसिंग. तो पोती मोजतो तसा पाटीवर खडूने रेघा ओढत होता. नव्यावर अठ्ठ्याहत्तर, जुन्यावर शहाऐंशी.

"शेठ," फुलसिंग म्हणाला, "पोरगीनी इतला लोके मारात, आनि आपीन काचवर भांडी ऱ्हायनूत."

मला फार आनंद झाला. तो मी लपवलाही नाही. मोहिनीने थर्माकोल शोधलं आणि खोकं भरायला घेतलं.

दुपारी सहज मी तिच्या खुर्चीत बसलो. जुन्या मॉनिटरवर खेळ चालूच होता. हातात लांब बंदूक, पण नेम कुठे धरायचा याची पडद्यावर खूणच नाही. एक बटण दाबलं. समोरच्या भिंतीला भोक पडलं, बरोबर कुंकवाच्या मागे. बंदूक दुसरीकडे वळवून पुन्हा दाबलं. पुन्हा कुंकवाच्या मागे. गोळी दरवेळी पडद्याच्या मधोमध जात होती आणि कामिनीने तिथेच खूण करून दिली होती.

म्हणजे एका ओळीला मी खत घातलं होतं आणि दुसरीला नाही. असा प्लॉट कोणी मला दाखवला असता तर मी त्याला दुकानाच्या पायऱ्या उतरू दिल्या नसत्या, ढकललाच असता.

"तुले माहीत व्हतं?" मी मोहिनीला विचारलं.

"तिसरा डावलेच कळनं."

"मंग बोलनी का नही?"

"तुम्हीच तर दुकानमा सांगतस, हारेल मानूस कारन दखाडस."

हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा म्हणतो. मला लाज वाटली. चांगलीच वाटली.

निवडीत अशी खूण चालत नाही, असं ती म्हणाली. मी कामिनीला हाक मारली. तिने पदराचं टोक ओलं करून कुंकू टिपलं आणि मोहिनीच्या कपाळाला लावलं. "पुसं नही मी," ती म्हणाली, "जागा बदली."

खोकं उघडून पुन्हा वीस डाव. जुन्यावर सत्तर, नव्यावर एकोणऐंशी. नऊचा फरक. नऊ मुडद्यांना शेहेचाळीस हजार जास्त, हा भाव मला आजही पटत नाही. पण मी कधी दोन मुडद्यांनी हुकलेलो नाही.

तेवढ्यात परतीचा माणूस दारात आला. मी म्हटलं, "माल जाणार नाही."

तो मोबाइल काढून उभा राहिला. "कारन काय टाकू, शेठ?"

मोहिनी आतल्या दारात उभी होती. देवाचं कुंकू लागलंय, एवढं सांगून सुटता आलं असतं.

"लिख," मी म्हटलं, "बापनी चूक."

त्याने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "असं काही नही शे याम्हा."

"मंग 'इतर' मा लिख. पन लिख."