बत्तीस दातांची चकती आणि दादूचा चढ

टक्. भाताच्या कुकरचं बटण वर उडालं आणि रविवारच्या दुपारची शांतता मोडली. बी-युन मात्र जागची उठली नाही. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ती बसली होती, आणि त्या वर्तमानपत्रावर, अंगभर काळं तेल माखून, मी पडले होते.

मित्रांनो, मी एक जुनी दातेरी चकती आहे. सायकलच्या पायडलपाशी असते आणि जिच्यावरून चेन फिरते, तीच. सायकलवाले मला चेनव्हील म्हणतात. मला बत्तीस दात आहेत. मोठेपणी तुम्हालाही तेवढेच येतील. पण माझी गंमत अशी, की माझा एक दात जाड असतो, पुढचा बारीक, मग पुन्हा जाड. असं का, हे मलाही बरीच वर्षं माहीत नव्हतं.

माझा जन्म ताइचुंग शहराजवळच्या एका गल्लीत झाला. त्या गल्लीत दर दुसऱ्या घराच्या खालच्या मजल्यावर यंत्रं घरघरत असतात. कुणी पायडल करतं, कुणी ब्रेक, कुणी नुसते बोल्ट. ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून मला कापत होते तेव्हा अंगावर दुधासारखं पांढरं, गार पाणी पडत होतं, एवढं मला आठवतं. मग मला दिव्याखाली नेलं. तिथे बी-युन बसायची. नग तपासणं हे तिचं काम. केसाएवढा फरकही तिच्या नजरेतून सुटत नसे.

तिने मला फिरवून पाहिलं आणि ती म्हणाली, "तोंडावर ओरखडा."

शेजारच्या टेबलावरची आ-लुआन वाकून बघत म्हणाली, "अगं, दात तर बघ, मोत्यासारखे आहेत!"

"आ-लुआन ताई, गिऱ्हाईक आधी तोंड बघतं."

आणि मी लाल टोपलीत जाऊन पडले. ती टोपली नापास झालेल्यांची. दाराशीच असायची, त्यामुळे गल्लीतलं सगळं मला दिसे आणि कारखान्यातलं सगळं ऐकू येई. मला मोठं कुतूहल होतं. चेन म्हणे माझ्यावरून निघून मागे जाते. मागे काय असतं? आ-लुआन एकदा कुणाला तरी सांगत होती, की मागच्या चाकाला चकत्यांची उतरंड असते, लहानीपासून मोठीपर्यंत, आणि चेनला एकीवरून दुसरीवर ढकलायला एक गिअरचा हात असतो. माझ्यासारख्या आठ-आठ, बारा-बारा जणी एकत्र! मी पुढे एकटी, आणि त्या मागे एवढ्या. मग बोलतात तरी काय एकमेकींशी?

त्या वर्षी कारखान्याच्या वर्षअखेरच्या जेवणात चिठ्ठ्या काढल्या, तेव्हा बी-युनला बारा गिअरचा एक झगझगीत हात लागला. दुसऱ्या दिवशी ती तो डबीत घालून कामावर घेऊन आली. सगळ्यांनी तो हाताळून पाहिला. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणखी एक सोडत निघाली, सरकारी बालवाडीची. बी-युनच्या मुलीचं, निंग-निंगचं नाव लागलं. पण जागा मिळाली ती दादू नावाच्या टेकडीवर, चढ संपतो तिथे. बी-युन राहायची खाली. नवरा विएतनामातल्या कारखान्यात. स्कूटरवरून पडून एकदा हात मोडल्यापासून ती स्कूटरला हात लावत नसे. सकाळची बस बालवाडी भरल्यावर पोचायची. राहिली ती जुनी सायकल, सरळ हँडलची.

जेवणाच्या सुट्टीत तिच्या सासूबाईंचा फोन आला. त्या युनलिनच्या गावी एकट्या राहत. त्यांचा आवाज असा, की फोन कानापासून लांब धरावा लागे.

"बी-युन, हट्ट करू नकोस. पोर माझ्याकडे राहील. शनिवारी येऊन भेटत जा. तुझा नवराही आजीकडेच वाढला, काय वाकडं झालं त्याचं?"

"आई, बालवाडी उघडेपर्यंत तरी थांबा."

"सायकलवर नेणार म्हणे! त्या चढावर बकरी धापा टाकते."

"बघू या ना, आई."

"बघ. नाही जमलं तर मी घ्यायला येते."

फोन ठेवून ती बराच वेळ डब्यातला भात नुसता चिवडत राहिली. एवढीशी पोर आठवड्यातून एकदाच दिसणार, हे तिला पटत नव्हतं.

समोरच्या सायकलच्या दुकानातले लाई आ-पेह, म्हणजे लाई काका, रोज आमच्या दाराशी चहा प्यायला येत. बी-युनने डबी त्यांच्यापुढे उघडली. "आ-पेह, हा माझ्या सायकलला बसवा. बारा गिअर झाले की चढ जाईल ना?"

त्यांनी तो गिअरचा हात उलटसुलट पाहिला. "छान आहे. आता याला बारा चकत्या आण, बारीक चेन आण, हँडलवरचा खटका आण, मागचं चाकही बदल. एका सोन्याच्या नळासाठी घर बांधायला निघालीस की!"

"मग काय करू?"

"आधी चढून ये. पोरीऐवजी मागे तांदळाचं पोतं बांध, तिच्या वजनाचं. आणि कुठे उतरावं लागलं ते मला सांग."

दुसऱ्या दिवशी ती लाल तोंडाने कामावर आली. "दुसऱ्याच वळणावर उतरले, आ-पेह. पोतं ढकलत नेलं."

"पुढची चकती चव्वेचाळीस दातांची आहे तुझी. मागची सगळ्यात मोठी अठ्ठावीसची. सपाटीवर पळेल, चढावर मारेल. तुला गिअर जास्त नकोत. पुढे लहान हवी आणि मागे मोठी. मागे मी चौतीसची उतरंड देतो, आठचीच, म्हणजे खटका तोच चालेल. तुझ्या गिअरच्या जुन्या हाताला तेवढी मोठी चकती झेपणार नाही. लांब दांडीचा हवा, तो माझ्या जुन्या सामानात पडलाय. आणि पुढे बत्तीसची. तुझ्या पायडलच्या चार बोल्टांवर याहून लहान बसत नाही."

"बत्तीसची कुठून आणू?"

आ-पेह हसले आणि त्यांनी चहाचा पेला ठेवून सरळ माझ्या टोपलीत हात घातला.

"ही? ही मीच नापास केलीय!" बी-युन म्हणाली.

"का?"

"तोंडावर ओरखडा आहे."

"चढ काय हिला बघायला येणार आहे, सून म्हणून?"

आ-लुआन एवढी हसली, की तिला ठसका लागला. मग तीच चिडवायला लागली, "बारा गिअरची लॉटरी लागली आणि बाई आठावर आल्या! लोक विचारतील हो."

बी-युनचं तोंड उतरलं. तो झगझगीत हात तिने चार महिने उशाशी ठेवला होता. जन्मात पहिल्यांदाच तिला काही लागलं होतं. पण तिने डबी आ-पेहकडे सरकवली. "कुणाला हवा असेल तर द्या. बदल्यात मला हे सगळं, आणि निंग-निंगची मागची खुर्ची."

अशी मी नापासांच्या टोपलीतून निघाले.

जोडणी तिने स्वतः केली. आ-पेह स्टुलावर बसून नुसते सांगत होते. चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून आणि माझ्यावरून घेऊन मोजायची, वर दोन कड्या ठेवायच्या, बाकीची तोडायची. मी मागे वळून पाहत होते. शेवटी एकदाची दिसली मला ती उतरंड! एकीखाली एक, आठ बहिणी. फक्त एवढंच कळलं, की एका वेळी त्यांच्यातली एकच माझ्याशी बोलते.

पहिल्याच फेऱ्याला चेन कटकटली आणि माझ्या दातांवर चढून बसली. बी-युनचा चेहरा पडला. पण नजर होती ना तिची! ती जमिनीला कान लावल्यासारखी वाकली. चेनच्या कड्यांमधली फटही एक रुंद, एक अरुंद असते, आणि माझे जाड दात अरुंद फटीत अडकले होते. तिने चेन एका दाताने सरकवली. ती माझ्यावर गप्पकन बसली. तेव्हा मला माझ्याच दातांचा अर्थ कळला, मित्रांनो. एकट्या चकतीची चेन हिसक्याने उडू नये, म्हणून ते असे असतात.

पुन्हा तांदळाचं पोतं बांधलं. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर ती सगळा भार पायडलवर टाकत होती. चेन माझ्यावर ताणून उभी होती, मागे चौतीसची बहीण ओढत होती. आम्ही इतक्या सावकाश चाललो होतो, की रस्त्याकडेचं कुत्रं कंटाळून पुढे निघून गेलं. पण ती उतरली नाही.

तीन वर्षं आम्ही रोज तो चढ चढलो. निंग-निंग मागे बसून आईची पाठ थोपटायची आणि ओरडायची, "आणखी जोरात, आणखी जोरात!" नंतर ती शाळेत चालत जाऊ लागली. सायकल जिन्याखाली गेली. तिच्यावर छत्र्या आल्या, मग खोकी आली. चेन गंजली. ताणलेली चेन माझे दात खात गेली, आणि त्यांची टोकं एका बाजूला झुकली. तुमच्याकडे सायकल असेल, तर एवढं करा. पावसातून आलात की चेन फडक्याने पुसा, थेंबभर तेल द्या, आणि ती ढिली झाली की वेळेवर बदला. चेन स्वस्त असते. आम्ही गेलो की मग सगळंच जातं.

आज नऊ वर्षांच्या निंग-निंगने स्वतः खोकी बाजूला केली. तिला सायकल चालवायची आहे, म्हणून बी-युनने मला सोडवून वर्तमानपत्रावर ठेवलं. दात घासायच्या जुन्या ब्रशने निंग-निंग माझा एकेक दात घासत होती आणि प्रश्न विचारत होती. "हा ओरखडा कसला?" "मी मागे बसायचे तेव्हा किती जड होते?" बी-युनने तिला सगळं सांगितलं, सोडतीपासून पोत्यापर्यंत.

"म्हणजे मला आ-माकडे पाठवायला लागू नये म्हणून तू हे केलंस?" गावच्या आजीला ती आ-मा म्हणते.

"हो."

"मग मी येणार नाही हे कळल्यावर आ-मा काय म्हणाली?"

"चांगलं झालं म्हणाली."

"फोनवर?"

"हो, फोनवर."

निंग-निंगने ब्रश खाली ठेवला.

"आणि फोन ठेवल्यावर? एकट्या घरात?"